दोष कोणाचा, दंड कोणास?

गेल्या सत्रात सामान्यज्ञानाच्या तासाला एक विद्यार्थी वर्तमानपत्राचे जुने कात्रण घेऊन आमच्या मेजापाशी आला. कात्रण फेब्रुवारी २०१४ मधील होते. रशियातील सोची या गावी हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटनसमारंभ झाला, त्या वेळचे वृत्त त्यात होते. भारताचे तीन खेळाडू संचलनात चालले होते. परंतु त्यांचा ध्वज तिरंगा नव्हता. पांढऱ्या वस्त्रावर पाच कड्या असलेला ऑलिंपिकचा ध्वज त्यांच्यासाठी पुढे धरलेला होता. मुलाने विचारले, "सर, हे तिघे आपलेच ना? मग आपला झेंडा का नाही?" आम्ही घाईने उत्तर दिले, "त्या वेळी आपल्या ऑलिंपिक संघावर बंदी होती." मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बंदी संघावर होती, मग झेंडा यांचा का गेला?"

इतक्यात घंटा झाली आणि आमची सुटका झाली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. मुले जे सहज विचारतात, त्याचे उत्तर देताना मोठ्यांना पुष्कळदा आपलेच घर तपासावे लागते. त्या मुलाला आम्ही जे उत्तर त्या दिवशी दिले नाही, ते या वार्षिकांकाच्या निमित्ताने द्यावे, असे योजिले आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. शाळेच्या अंकात राजकारणाविषयी लिहू नये असा संकेत आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. कोणत्याही पक्षाची बाजू घेणे हे आमचे काम नव्हे, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्यात कोणताही एक पक्ष दोषी व दुसरा निर्दोष असा निवाडा नाही. परंतु राजकारण जेव्हा आपण होऊन क्रीडांगणात येते आणि आमच्या मुलामुलींच्या तोंडचा घास काढून नेते, तेव्हा शिक्षकाने मुके राहणे हाही एक प्रकारचा पक्षपातच होय.

प्रथम सोचीची हकीकत. भारतीय ऑलिंपिक संघाची निवडणूक २०१२ साली व्हावयाची होती. ती केंद्र सरकारच्या क्रीडासंहितेस धरून घ्यावी, असा न्यायालयाचा आदेश होता. उलटपक्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे म्हणणे असे की, निवडणूक ऑलिंपिकच्या सनदेप्रमाणे व्हावी आणि तीत सरकारचा हात नसावा. हा वाद न मिटल्यामुळे ४ डिसेंबर २०१२ रोजी समितीने आपल्या संघास निलंबित केले. संघाने काय करावे? दुसऱ्याच दिवशी त्याने निवडणूक उरकून घेतली, आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील गैरव्यवहाराचे आरोप ज्यांच्यावर होते अशा एका गृहस्थांस सरचिटणीस केले! पुढे समितीने अट घातली की, ज्यांच्यावर न्यायालयात आरोप ठेवले गेले आहेत त्यांना पदावर बसू देऊ नये. ही साधी गोष्ट मान्य करण्यास संघाला एक वर्ष लागले. नवी निवडणूक झाली ती ९ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे सोचीचे उद्घाटन होऊन दोन दिवस लोटल्यावर.

त्या तिघांपैकी एक होते शिव केशवन. हिमाचल प्रदेशातील मनालीजवळच्या वशिष्ठ या गावचे हे गृहस्थ. ल्यूज नावाच्या खेळात खेळाडू लहानशा घसरगाडीवर उताणा पडून, पाय पुढे करून, बर्फाच्या वळणावळणाच्या नळीतून मोटारीच्या वेगाने खाली येतो. असा मार्ग आपल्या देशात नव्हता. म्हणून केशवन घसरगाडीला चाके लावून डोंगरातील रस्त्यांवर, मोटारी आणि मेंढरे चुकवीत सराव करीत. १९९८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते पहिल्या ऑलिंपिकला गेले. सोची हे त्यांचे पाचवे. त्यांची शर्यत ८ आणि ९ फेब्रुवारीस झाली, आणि तीत त्यांचा ३७ वा क्रमांक आला. ज्या दिवशी त्यांची शर्यत संपली, त्याच दिवशी इकडे निवडणूक झाली. आणि ११ फेब्रुवारीस निलंबन उठले. उरलेले दोघे तिरंग्याखाली खेळले. केशवन यांना मात्र दोन दिवसांचा उशीर झाला होता. वाचकहो, हा उशीर खेळाडूने केलेला नव्हता. ज्याने सोळा वर्षे एकेक क्षण वाचविण्यासाठी देह झिजविला, त्याच्यासाठी खुर्च्यांवरील मंडळींना दोन दिवस वाचविता आले नाहीत!

आता कोणी विचारील की, बाहेरच्या समितीला आमच्या संघास शिक्षा करण्याचा अधिकार कोणी दिला? याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. गावचे मंडळ जिल्हा संघटनेला जोडलेले असते, जिल्हा राज्याला, राज्य राष्ट्रीय महासंघाला आणि राष्ट्रीय महासंघ जागतिक महासंघाला. ही साखळी एका नियमाने बांधलेली आहे: प्रत्येक संघटनेने आपले पदाधिकारी आपण निवडावे, बाहेरच्या सत्तेने, मग ती सरकारी असो वा अन्य, ते नेमू नयेत. हा नियम कोणास छळण्यासाठी झालेला नाही. जगात अशी राज्ये होऊन गेली आहेत की, ज्यांनी खेळाडूंना आपल्या मिरवणुकीतील बाहुली केले, पराभूत होऊन आलेल्यांना धाक घातला, वर्णावरून वा वंशावरून गुणी माणसांस संघाबाहेर ठेविले. अशा सत्तेपासून खेळाडूचे रक्षण व्हावे, म्हणून हे कुंपण घातले आहे.

परंतु आमच्याकडे काय होते? पुढारी कुंपणावरून उडी मारून येत नाही. तो दरवाजातून, हार घालून घेत येतो. त्याचा मोठेपणा उपयोगी पडेल, मैदान मिळेल, वर्गणी जमेल, या आशेने आपणच त्यास अध्यक्षपद देतो. त्यातील काहींनी खेळाची खरोखर सेवा केली आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. तथापि एकदा बसलेला माणूस उठत नाही. मुदत संपते, निवडणूक पुढे ढकलली जाते, तंटे न्यायालयात जातात, न्यायालय किंवा सरकार मध्ये पडले की संघटनेची मंडळी त्याच कुंपणाकडे बोट दाखवून ओरडतात, "पाहा, आमच्या स्वायत्ततेवर घाला आला!" जे कुंपण खेळाडूच्या रक्षणासाठी घातले, ते खुर्चीच्या रक्षणासाठी वापरले जाते. कुंपणच शेत खाते ते असे.

फुटबॉलचे उदाहरण घ्या. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदी एकच राजकीय नेते बारा वर्षांहून अधिक काळ होते. डिसेंबर २०२० मध्ये मुदत संपली, तरी निवडणूक झाली नाही. शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी दूर करून तीन प्रशासकांची समिती नेमली. न्यायालयाचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु जागतिक संस्था जी फिफा, तिच्या दृष्टीने हाही तिऱ्हाइताचा हस्तक्षेपच ठरला. आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी, आपण ध्वजवंदन करीत होतो त्या दिवशी, तिने भारताच्या महासंघास निलंबित केले.

त्याच वेळी केरळच्या गोकुलम संघाच्या मुली आशियाई महिला क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात ताश्कंदला पोहोचत होत्या. त्या देशाच्या विजेत्या होत्या. हा मान त्यांना कोणाच्या शिफारशीने मिळाला नव्हता. ताश्कंदला उतरतात तो वार्ता कळली की, भारताचा कोणताही संघ आता खेळू शकत नाही. त्यांचा पहिला सामना अवघ्या आठवड्यावर आला होता. बूट पिशवीत, पिशवी खांद्यावर, आणि मैदान डोळ्यांसमोर. परंतु त्या एकही सामना न खेळता घरी परतल्या. इकडे चक्रे फिरली. न्यायालयाने २२ ऑगस्टला प्रशासकांची समिती बरखास्त केली, आणि २६ ऑगस्टला फिफाने बंदी उठविली. अवघ्या अकरा दिवसांचे प्रकरण! कागदावर अकरा दिवस म्हणजे काहीच नव्हे. परंतु ज्या मुलींची स्पर्धा त्या अकरा दिवसांतच होती, त्यांच्या पदरात ती पुन्हा कोणी घातली नाही.

त्या बंदीच्या छायेत आणखी एक गोष्ट सापडली होती. सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा त्याच ऑक्टोबरात आपल्या देशात व्हावयाची होती. भुवनेश्वर, गोव्यातील मडगाव आणि आपली नवी मुंबई ही तिची स्थळे. बंदी वेळेवर उठली म्हणून ती झाली. आपल्या मुली तिन्ही सामने हरल्या. अमेरिकेने आठ गोल केले, मोरोक्कोने तीन, ब्राझीलने पाच. आपल्याला एकही करता आला नाही. हे ऐकून हसणारे आमच्या वर्गात निघाले, तेव्हा आम्ही त्यांस सांगितले की, या मुली हरल्या, परंतु खेळून हरल्या. ब्राझीलशी हरण्याचा हक्कही खेळाडूला कष्टानेच मिळवावा लागतो. ताश्कंदला गेलेल्या मुलींना तेवढाही हक्क मिळाला नाही.

तिसरे उदाहरण कुस्तीचे. जानेवारी २०२३ मध्ये देशाचे नामांकित मल्ल, स्त्रिया आणि पुरुष, दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांच्या वर्तनाविषयी त्यांच्या गंभीर तक्रारी होत्या. ते गृहस्थ संसदेचेही सभासद होते. ते प्रकरण न्यायालयापुढे गेले. त्याचा निवाडा आम्ही येथे करणार नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच की, त्यानंतर महासंघाची निवडणूक वारंवार पुढे जात राहिली, आणि वेळेत निवडणूक झाली नाही म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेने भारताच्या महासंघास निलंबित केले. पुढच्याच महिन्यात सर्बियातील बेलग्रेड येथे जागतिक स्पर्धा होती. आपले मल्ल तेथे कोणत्याही देशाचे नसल्याप्रमाणे, जागतिक संघटनेच्या ध्वजाखाली उतरले.

त्यांत हरयाणाच्या हिसार जिल्ह्यातील अंतिम पंघाल नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. घरात आधीच मुली होत्या. ही शेवटची ठरो, म्हणून तिचे नाव अंतिम ठेविले. आमच्या सातारा जिल्ह्यात अशाच इच्छेने 'नकुशी' हे नाव ठेवीत, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. या मुलीने बेलग्रेडला ५३ किलो गटात कांस्यपदक जिंकले आणि पॅरिस ऑलिंपिकसाठी देशाला कुस्तीतील पहिली जागा मिळवून दिली. जागा देशाला मिळाली. ती मिळविणारीच्या नावापुढे मात्र त्या दिवशी देश नव्हता. जन्मताच जिला घराने नको म्हटले, तिला ऐन यशाच्या घटकेस देशाचे नावही लावता येऊ नये, याचे आम्हांस फार वाईट वाटले.

या तीन हकीकती एकत्र ठेविल्या म्हणजे त्यांतील समान सूत्र ध्यानी येते. प्रत्येक वेळी भांडण मोठ्यांचे होते. प्रत्येक वेळी त्यांपैकी कोणाचेही वय, कोणाची संधी, कोणाचा मोसम वाया गेला नाही. आणि प्रत्येक वेळी दंड भरला तो ज्याने मतही दिले नव्हते त्याने. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. क्रीडाक्षेत्रात ती म्हण राहिली नसून कार्यपद्धती झाली आहे. येथे जागतिक संस्थांनाही आम्ही दोषमुक्त करू शकत नाही. खेळाडूला तटस्थ ध्वजाखाली खेळू देणे ही त्यांची दया खरी; परंतु ती एकट्याच्या खेळात चालते. अंतिमला ती मिळाली, केशवन यांना मिळाली. अकरा जणींच्या संघाला मात्र ती मिळत नाही, कारण तो संघ महासंघाच्या नावानेच मैदानात येतो. ज्याने निवडणूक टाळली त्याला पदावरून आणि परदेशच्या सभांतून दूर ठेवावे. ज्याने नियम मोडला त्याच्या मानाचे आसन काढून घ्यावे. खेळाडूचे मैदान काढून घेणे हा न्याय नव्हे.

मग उपाय कोणता? याविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, सरकारने खेळाला हातच लावू नये. दुसरा म्हणतो, पैसा सरकार देते, तेव्हा हुकूमही सरकारचाच चालावा. आमच्या मते दोन्ही मते अपुरी आहेत. सरकारने हात काढून घेतला तर गरिबाच्या मुलाला मैदान, प्रशिक्षक आणि प्रवासखर्च कोण देणार? आणि सरकारने सारेच हाती घेतले तर मंत्री बदलला की संघ बदलणार. प्रश्न हात लावण्याचा नाही. तो हात काय करतो याचा आहे. तो गुणी खेळाडूसाठी दार उघडतो, की लावून घेतो? ही एकच कसोटी आम्ही वाचकांच्या हाती देऊ इच्छितो.

या कसोटीचा अर्थ स्पष्ट होण्यासाठी आपल्याच मातीतील एक गोष्ट सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु त्या वर्षी निवडीच्या वेळीच त्यांना डावलण्यात आले होते, असे सांगतात. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज म्हणजे सत्ताधीशच. त्यांनी "यालाच पाठवा" असा हुकूम सोडला नाही. प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा कुस्ती लावून दिली. खाशाबांनी ती जिंकली आणि जागा मिळविली. सत्तेचा हात येथेही आला, परंतु दार उघडण्यासाठी आला. आत जावयाचे ते खाशाबांनी आपल्या बळावरच जावयाचे होते.

पुढे प्रवासाला पैसे नव्हते. गावाने वर्गणी जमविली, तरी ती पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपल्या या विद्यार्थ्यासाठी आपले राहते घर सात हजार रुपयांस गहाण ठेविले. या एका कृत्याने आम्हां शिक्षकांच्या वर्गाचे ऋण किती वाढवून ठेविले आहे! आणि याच कथेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. हेलसिंकीला एक दीर्घ कुस्ती संपताच खाशाबांना दुसऱ्या कुस्तीस बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु तो नियम पुढे करून दोन शब्द बोलण्यास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. घर गहाण टाकणारा प्राचार्य कोल्हापुरात होता, आणि ज्यांचे कामच ते होते ते वेळेवर कोठेच नव्हते. खुर्ची हवी असणाऱ्यांनी हा प्रसंग वर्षातून एकदा तरी आठवावा.

येथवर आम्ही दुसऱ्यांचे दोष सांगितले. ते सोपे असते. आता आमचा स्वतःचा एक दोष सांगणे प्राप्त आहे. तो झाकून ठेविल्यास वरील सर्व लेखन ढोंग ठरेल. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी शिकवीत असताना, आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेसाठी संघ निवडण्याचे काम आमच्याकडे होते. यादी तयार झाली. त्या रात्री गावच्या एका वजनदार गृहस्थांची चिठ्ठी आली. शाळेच्या इमारतीसाठी त्यांनी मोठी देणगी देऊ केली होती. चिठ्ठीत धमकी नव्हती, आग्रहही नव्हता; आपल्या मुलाला खेळाची फार हौस आहे, एवढेच लिहिले होते. आम्ही दिवा लावून यादी पुन्हा काढली. इमारत झाली तर शेकडो मुलांचे कल्याण होईल, एका जागेने काय बिघडते, असा हिशेब केला. आणि एक नाव खोडून दुसरे लिहिले.

ज्याचे नाव खोडले तो मुलगा दोन कोसांवरून चालत सरावाला येई आणि कधी उशिरा येत नसे. दुसऱ्या दिवशी त्याने फळ्यावरील यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. मग आमच्याकडे येऊन त्याने विचारले, "सर, माझे काय चुकले?" आम्ही म्हणालो, "काही नाही, पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी तो मैदानावर आला नाही. त्याने भांडण केले नाही, तक्रार केली नाही. त्याने फक्त खेळणे सोडले. इमारत झाली की नाही हे सांगण्यात आता अर्थ नाही. इतकेच सांगतो की, ताश्कंदहून परतणाऱ्या मुलींची वार्ता वाचली तेव्हा आम्हांस दिल्लीचे कोणी पुढारी प्रथम आठवले नाहीत. तो मुलगा आठवला. कारण त्या यादीसमोर आम्हीही एक लहानसे सत्ताधीशच होतो, आणि आम्ही दार लावून घेतले होते.

म्हणून पालकहो, आपणांस आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या पाल्याचे नाव संघात नसेल तर शिक्षकाला जरूर विचारा. कारण विचारण्याचा हक्क आपला आहे, आणि उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य आहे. परंतु चिठ्ठी पाठवू नका, ओळख काढू नका. चिठ्ठीने मिळालेली जागा आपल्या मुलाला एक गोष्ट शिकविते की, मैदानापेक्षा मोठे असे काही घरी आहे. हे शिकलेला मुलगा पुढे खेळाडू झाला नाही तरी चालेल; तो एखाद्या महासंघाचा अध्यक्ष झाला म्हणजे काय होते, ते वर सांगितलेच आहे. राष्ट्रीय महासंघातील रोग राजधानीत उत्पन्न होत नाही. तो शाळेच्या फळ्यावरील यादीतून सुरू होतो आणि पायरीपायरीने वर चढतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने क्रीडाप्रशासनाचा नवा कायदा संमत केला. महासंघांना मान्यता देण्यासाठी मंडळ, तंटे सोडविण्यासाठी न्यायाधिकरण, आणि कारभारात खेळाडूंना व स्त्रियांना जागा, अशी त्याची योजना आहे. हेतू स्तुत्य आहेत. परंतु ज्या मंडळाने इतरांवर लक्ष ठेवावयाचे, ते नेमणार सरकारच. तेव्हा तो हात दार उघडतो की लावतो, हे पाहत राहण्याचे काम संपत नाही. कायदा निवडणुकीची तारीख ठरवू शकतो. वेळ झाली असता आपण होऊन उठण्याची लाज तो माणसाच्या मनात घालू शकत नाही. ती येथे, या मैदानावर शिकावयाची असते. तुमच्यापैकी जो कप्तान होईल त्याने मोसम संपताच आनंदाने कप्तानपद दुसऱ्याच्या हाती द्यावे. जो निवड करील त्याने मित्राचे नाव खोडण्याचे धैर्य ठेवावे. पद म्हणजे मालकी नव्हे. तो सोपविलेला कारभार आहे, आणि प्रत्येक कारभाऱ्यास एक दिवस हिशेब द्यावाच लागतो. उद्या तुमच्यापैकीच कोणी जिल्ह्याच्या, राज्याच्या, कदाचित देशाच्या संघटनेत बसेल. त्या दिवशी तुमच्या हाती एखाद्या केशवनचे दोन दिवस असतील, एखाद्या संघाचे अकरा दिवस असतील. ते वाया घालवू नका.

असो. कात्रण घेऊन आलेल्या त्या मुलास आम्ही उत्तर देणे लागतो. बाळा, झेंडा त्यांचा गेला, कारण त्याची जोखीम ज्या हातांकडे दिली होती त्यांना खुर्ची अधिक प्रिय वाटली; आणि ते तसे करू शकले, कारण ठिकठिकाणी लहान लहान याद्यांवर आमच्यासारख्यांनी लहान लहान नावे खोडली. तू विचारलेस तसाच प्रश्न पुढेही विचारीत जा. आणि ज्याचे नाव आम्ही खोडले, त्याच्या हाती हा अंक कधी पडलाच, तर त्यालाही त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळो: तुझे काही चुकले नव्हते. चुकले ते आमचे.